खारं पाणी आणि हवेची झाडं: दर्यापूर तालुक्यातल्या एका घरातलं प्रकरण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सातलाच एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, दादानं पुण्याहून पाठवलेली झाडं मरून राह्यली. पानी कमी नाही पडू दिलं, तरी मरून राह्यली." मी तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. झाड मरतंय म्हणून मला फोन येतात, पण ते बहुतेक कपाशीचे, तुरीचे, फार तर अंगणातल्या कढीपत्त्याचे. हा फोन एअर प्लांटचा, म्हणजे मातीशिवाय वाढणाऱ्या 'हवेच्या झाडां'चा होता. पूर्णेकाठच्या त्यांच्या गावी मी रविवारी गेलो. पुढच्या वर्षभरात त्या घरात जे घडलं ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण ही झाडं आता आपल्याकडेही कुरिअरने येऊ लागली आहेत आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या कार्डावर आपल्या पाण्याचा उल्लेख नसतो. कुटुंबाची ओळख मुद्दाम देत नाही.

फेब्रुवारीत खोक्यातून पाच झाडं आली होती. तीन टिलँडसिया आयोनांथा, लिंबाएवढे झुबके. एक टिलँडसिया बल्बोसा, खाली कांद्यासारखा फुगीर गड्डा आणि वर वळवळत गेलेली पानं. आणि स्पॅनिश मॉस म्हणून विकतात ती टिलँडसिया अस्नॉइडिसची एक राखाडी जटा. कार्डावर लिहिलं होतं: माती नको, हवेवर जगतं, आठवड्यातून दोन-तीनदा फवारा मारा, उजेड द्या पण थेट ऊन नको. यात चुकीचं काहीच नाही. पुण्यात, फेब्रुवारीत, हे अगदी बरोबर आहे.

मी पोहोचलो तेव्हा झाडं ओसरीत होती. जटा वाळून कोळ्याच्या जाळ्यासारखी झाली होती. ओली केली तरी तिचा रंग बदलला नाही, म्हणजे ती गेलेली होती. दोन आयोनांथांच्या पानांची टोकं तपकिरी, पानं आत वळलेली आणि सगळ्या अंगावर पांढरी झाक. तिसरा आयोनांथा भाऊंनी, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, बाभळीच्या एका सुंदर वाकड्या लाकडावर तारेने बांधला होता. त्याचा बुंधा काळपट दिसत होता. बल्बोसाची पानं सुरकुतली होती.

मुलीने वहीत नोंदी ठेवल्या होत्या, हे फार बरं झालं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्यातून तीनदा फवारा. एप्रिलमध्ये ऊन तापल्यावर रोज. मेमध्ये दिवसातून दोनदा, मग तीनदा. पाणी वाढलं तशी झाडं आणखी वाईट दिसू लागली. आईला वाटलं उन्हाची झळ लागली. भाऊंना वाटलं झाडाला मातीच नाही तर ते जगेल कसं. आजी खाटेवरून म्हणाल्या, "बांडगूळ हाय ते. घरात कायले ठेवता?"

आजींचा आक्षेप मी मनावर घेतला, कारण त्यातूनच समजावायला सोपं गेलं. त्यांच्या घरामागच्या आंब्यावर खरंच बांडगूळ होतं. ते आंब्याच्या फांदीत आपली शोषकं रुतवतं आणि त्याचं पाणी, क्षार ओढून घेतं. आंबा वाळला तर बांडगूळही वाळतं. पण मेळघाटात किंवा जुन्या मोहावर, आंब्यावर दिसणारी रास्ना वेगळी. तिची मुळं फांदीला नुसती धरून असतात, फांदीच्या आत जात नाहीत. पाऊस, दव आणि सालीच्या खाचेतला कचरा यावर ती जगते. पुस्तकात अशा झाडाला अपिवनस्पती म्हणतात. एअर प्लांट हे रास्नेच्या रीतीचं झाड, अमेरिका खंडातलं, अननसाच्या कुळातलं. फरक इतकाच की रास्ना मुळांनी पाणी पिते आणि हे पानांनी पितं. याची मुळं फक्त पकड घेण्यापुरती. आजी म्हणाल्या, "मंग वाळेच कसं, पानं तर हायेत." प्रश्न अगदी मुद्द्याचा होता आणि त्या दिवशी मी त्याचं उत्तर चुकीचं दिलं.

या झाडाच्या नावातच दिशाभूल आहे. 'हवेवर जगतं' हे अर्धंच खरं. नुसत्या कोरड्या हवेतून त्याला पुरेसं पाणी मिळत नाही. लिनियसने या वंशाला टिलँडसिया हे नाव एलियास टिलँड्झ या सतराव्या शतकातल्या वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञावरून दिलं. हा माणूस समुद्रप्रवासात इतका आजारी पडला की परतताना बोटीत बसायचं नाकारून बोटनियाच्या आखाताला वळसा घालत जमिनीवरून घरी गेला, असं सांगतात. आडनावातही त्याने 'जमिनीवरून' हाच अर्थ घेतला. लिनियसला वाटलं, हे झाडही तसंच पाणी टाळणारं. पाणी नको असलेलं झाड अशी त्याची ख्याती आहे. प्रत्यक्षात ते पाण्याला हपापलेलं असतं, फक्त भिजल्यावर लवकर वाळायला हवं.

पानावर अगदी बारीक पांढरे खवले असतात. कोरडे असताना ते उभारलेले राहतात, उजेड परतवतात आणि झाड रुपेरी दिसतं. पाणी पडलं की ते चपटे होतात, खालून पाणी आत ओढलं जातं आणि पान हिरवं दिसू लागतं. वाळताना तेच खवले झाकण होऊन आतलं पाणी धरून ठेवतात. मला त्या दिवशी पांढरी झाक दिसली, आत वळलेली पानं दिसली, आणि मी म्हणालो की पाणी कमी पडतंय. तर्क असा होता: ४४ अंशांत मारलेला फवारा आत शिरण्याआधीच उडून जातो, म्हणून दिवसातून तीनदा फवारूनही झाड तहानलेलं. फवारा बंद करा, रोज अर्धा तास बुडवून ठेवा. त्यांनी माझ्यासमोर प्लास्टिकच्या टोपल्यात पाणी भरलं आणि झाडं बुडवली. पाणी कुठून भरलं ते मी विचारलं नाही.

आठ दिवसांनी मुलीने फोटो पाठवला. टोकांवरचा तपकिरी रंग निम्म्या पानापर्यंत खाली आला होता.

मी पुन्हा गेलो. दुपारचे दोन वाजले होते. घरात कूलर सुरू होता आणि भाऊ त्याच्यासमोर पडले होते. कूलरच्या बाजूच्या ताटीकडे माझं लक्ष गेलं. वूडवूलवर पांढरा खडबडीत थर, टाकीच्या काठाला पांढरी किनार. भाऊ म्हणाले, मोटर दर आठवड्याला घासावी लागते, नाहीतर जाम होते. मी ताटीवरचा थर बोटाने खरवडला, मग आयोनांथाच्या पानाच्या टोकावर बोट फिरवलं. तीच करकर. मागच्या वेळी ज्याला मी खवले समजलो होतो, त्यातला बराच भाग मीठ होता.

ओळखायची रीत साधी आहे आणि ती मी तेव्हा वापरायला हवी होती. पान ओलं केलं की खवल्यांचा पांढरेपणा नाहीसा होतो आणि पान सगळीकडून सारखं हिरवं दिसतं. वाळल्यावर तो पुन्हा सगळीकडे सारखाच येतो. मिठाचा पांढरेपणा वाळल्यावर टोकांना आणि कडांना गोळा होतो, डागासारखा दिसतो आणि बोटाला खरखर लागते.

माझ्याकडे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र होतं. बोअरचं पाणी २१०० पीपीएमच्या वर. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००. म्हणजे हे पाणी माणसाच्याही शेवटच्या मर्यादेपलीकडचं. त्यात आश्चर्य काही नाही. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णेच्या खोऱ्याचा हा भाग खारपाण पट्टा म्हणूनच ओळखला जातो. भूजल इथे खारट आहे आणि घरातलं प्रत्येक माणूस ते जाणतं. हे पाणी ते पीत नाहीत, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. फवाऱ्यासाठी मात्र ते चाललं, कारण झाडासाठी कोण प्यायचं पाणी वापरतो?

मी भाऊंना मीटर दाखवलं तेव्हा ते उठून बसले. म्हणाले, "सर, ह्या पान्यानं आमी वावरही भिजवत नाही. दोन पान्यांत जमीन चोपन होते." हरभरा इथे बहुतेक कोरडवाहू ओलीवरच काढतात, ते याच भीतीने. या प्रकरणाचं निदान खरं तर भाऊंच्या त्या वाक्यात आहे. वावरात सोडियम मातीच्या कणांवर बसतो आणि जमीन घट्ट होते. इथे मातीच नव्हती. फवाऱ्यातलं पाणी उडून जायचं आणि मीठ पानावर राहायचं, रोज तीन थर. खवले बुजले, आणि वर साचलेलं मीठ उलट पानातलं पाणी ओढू लागलं. पाणी जितकं जास्त, तितकी तहान जास्त. मी बुडवायला सांगितलं, म्हणजे तेच पाणी आणखी मोठ्या मापाने द्यायला सांगितलं. आजींच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

दुसरी गोष्ट तारेची. बाभळीच्या लाकडावरचं झाड हातात घेतलं तर मधली पानं अलगद निघून आली, आतून काळी. तार कसली म्हणून पाहिली, तर जळालेल्या पंपाच्या मोटरीतली वाइंडिंगची तार. खेड्यात ही तार सगळीकडे कामाला येते, दोरी तुटली की तीच. पण ती तांब्याची असते, आणि जळताना तिच्यावरचा रोगणाचा थर गेलेला असतो. अननसाच्या कुळातल्या झाडांना तांबं विषासारखं बाधतं. जस्ताचंही तसंच, त्यामुळे जीआय तारही नको. बांधायचं तर सुतळी, मासे पकडायची नायलॉन दोरी, किंवा काहीच न बांधता नुसतं ठेवणं. आजी तुळशीला घालून उरलेलं तांब्याच्या लोट्यातलं पाणी कधीकधी या झाडांवरही घालत. तेही थांबवलं. ते झाड वाचणार नव्हतं, मी तसं स्पष्ट सांगितलं. भाऊंना वाईट वाटलं, लाकूड त्यांनी दोन दिवस घासून गुळगुळीत केलं होतं.

उरली तीन झाडं. त्यांच्यासाठी पाणी कोणतं? घरात तीन सोयी होत्या: बोअर, काही दिवसांआड येणारा पाणी योजनेचा नळ, आणि गावातल्या आरओ केंद्रावरचा जार. नळाचं पाणी ३००च्या आसपास, जारचं ५०च्या खाली. विकतचं प्यायचं पाणी झाडाला घालायला वहिनी, म्हणजे मुलीच्या आई, तयार नव्हत्या, आणि उन्हाळ्यात या भागात ते ऐकायलाही बरं वाटत नाही, हे मलाही पटत होतं. पण हिशोब असा झाला: स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, लिटरभर पाणी, त्यात तिन्ही झाडं मावतात. तेच पाणी दोन-तीन दिवस चालतं आणि शेवटी कढीपत्त्याला जातं. त्यावर वहिनी तयार झाल्या. पहिले चार दिवस मात्र दर वेळी पाणी नवं घेतलं, कारण मीठ सुटून बाहेर यायला हवं होतं. पहिल्या दिवशी तासभर बुडवल्यानंतर गंजातलं पाणी मोजलं तर आकडा दुपटीहून पुढे गेला होता. मुलीने ते वहीत लाल शाईने लिहिलं.

वेळही बदलली. ती संध्याकाळी पाणी देत होती, आपण सगळेच उन्हाळ्यात झाडांना तसं देतो. पण या झाडांची पर्णरंध्रं रात्री उघडतात. दिवसा उघडली तर कोरड्या हवेत पाणी जाईल, म्हणून कर्बवायू रात्री आत घ्यायचा, साठवून ठेवायचा आणि दिवसा उजेडात वापरायचा, अशी त्यांची रीत. रात्रभर पान ओलं राहिलं तर श्वासच कोंडतो. म्हणून सकाळी साडेपाचला बुडवायचं आणि साडेसहाला काढायचं. काढल्यावर उलटं धरून झटकायचं, कारण पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की कूज तिथूनच सुरू होते. मे महिन्यात वाळण्याची चिंता नव्हती, वीस मिनिटांत झाड कोरडं होत असे.

जागा बदलायला मला जास्त विचार करावा लागला. मेमधल्या दुपारी विदर्भातली हवा इतकी कोरडी असते की ओला टॉवेल बघता बघता वाळतो. कूलरच्या खोलीत मात्र ओलावा असतो आणि तापमानही दहा-बारा अंशांनी उतरतं. म्हणजे जागा उत्तम. पण कूलर बोअरच्या पाण्यावर चालणारा. वाफ होऊन उडणारं पाणी मीठ सोबत नेत नाही, ते ताटीवरच राहतं. मात्र झोतात बारीक तुषार असतात आणि ते खारेच. म्हणून झाडं झोतासमोर न ठेवता त्याच खोलीत बाजूच्या कोनाड्यात, उत्तरेच्या खिडकीजवळ ठेवली.

तीन आठवड्यांत दोन्ही आयोनांथांची पानं सैल झाली. तपकिरी टोकं परत हिरवी होत नाहीत. मुलीने ती कात्रीने तिरकी कापली, ठीक दिसली. मधून नवी पानं निघाली तेव्हा तिने फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "सर, मंधातून हिरवं आलं."

पहिल्या पावसात भाऊंनी स्वतःहून पत्र्याच्या पन्हाळीखाली प्लास्टिकचा ड्रम ठेवला. पहिल्या दोन सरींचं पाणी धूळ आणि पक्ष्यांची घाण धुऊन आणतं, ते जाऊ दिलं. नंतरचं गाळून भरलं, वर झाकण आणि त्यावर ओढणी बांधली, डासांसाठी. पत्रा जस्ताचा आहे, हे माझ्या मनात होतं. म्हणून झाडांसाठी वेगळी बादली उघड्या अंगणात ठेवायला सांगितली. पन्हाळीचं पाणी भांडी-कपड्यांना, बादलीचं बाटल्यांत भरून झाडांना.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण ऑगस्टमध्ये आठ दिवसांची झड लागली. मुलगी परीक्षेला अमरावतीला गेली होती, वहिनी नेमाने रोज सकाळी झाडं बुडवत होत्या. मेमधला नियम ऑगस्टमध्ये तसाच चालू राहिला, कारण तो फक्त मेपुरता आहे हे मी सांगितलंच नव्हतं. वीस मिनिटांत वाळणारं झाड आता दिवसभर वाळत नव्हतं. बल्बोसाचा पोकळ गड्डा आतून कुजला. त्याची पानं एकमेकांभोवती गुंडाळलेली असतात, आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. खरं तर त्याला बुडवायलाच नको होतं, पानं खाली करून पाण्यात हलवून काढायला हवं होतं.

भाऊंनी बुरशी ओळखली आणि कपाशीचा पंप उचलला. घरात कॉपर ऑक्सिक्लोराईडचा पुडा होताच. शेतकऱ्याच्या दृष्टीने अगदी रास्त उपाय. वहिनींनी फवारण्याआधी मला फोन लावला, हे नशीब. मी भाऊंना एवढंच विचारलं, "तार आठवते का, भाऊ?" पलीकडे क्षणभर शांतता. "हे बी तांबंच हाय ना," ते म्हणाले आणि पंप ठेवून दिला. शिवाय त्या पंपातून तणनाशकही गेलेलं असतं. या झाडांसाठी फवाऱ्याची बाटली वेगळीच हवी, कितीही धुतलेला पंप चालत नाही.

बल्बोसा गेला. दोन आयोनांथांना दहा दिवस पाणी पूर्ण बंद केलं. हवेतला ओलावाच पुरेसा होता. जाळीच्या टोपलीत उलटे ठेवून दिवसातून दोन तास टेबलफॅन लावला, लाइट असेल तेव्हा. पानं चिवट राहिली, बुंधा कोरडा आणि घट्ट राहिला. त्यानंतर पावसाळाभर आठवड्यातून एकदा, तेही ऊन पडलेल्या सकाळी, पंधरा मिनिटं, असं ठरलं. मी आता पाण्याचे दिवस मोजून देत नाही. वहिनींना सांगितलं, भिजवल्यावर चार तासांत झाड वाळलंच पाहिजे. वाळणार नसेल तर त्या दिवशी भिजवायचंच नाही. ज्वारी, मूग वाळवणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

हिवाळा सगळ्यात सोपा गेला. सकाळचं कोवळं ऊन थेट लागलं तरी चाललं. खत म्हणून १९:१९:१९ची लिटरला अगदी चिमूट, महिन्यातून एकदा, फुलं येईपर्यंत. फवारणीच्या मात्रेत दिलं असतं तर पुन्हा मिठाचाच प्रकार झाला असता. डिसेंबरअखेर एका आयोनांथाची मधली पानं लाल व्हायला लागली. आई घाबरली, काही रोग तर नाही. जानेवारीत त्या लालीतून जांभळ्या नळीसारखी दोन फुलं निघाली, बाहेर पिवळे परागकोश. चार-पाच दिवस टिकली असतील. आयुष्यात एकदाच फुलतं आणि मग हळूहळू संपतं, असं हे झाड. केळीसारखंच, घड देऊन झाड जातं आणि बाजूचं पिल्लू राहतं. याच्याही बुंध्याशी मार्चपर्यंत दोन पिल्लं दिसली. ती आईच्या एक-तृतीयांश झाल्याशिवाय तोडायची नाहीत, तोपर्यंत सुकत जाणारं मूळ झाडच त्यांना पोसतं.

पाचातली दोन झाडं वाचली. यातली एकही हानी माझ्या पहिल्या निदानामुळे झाली नसेल कदाचित, पण ते निदान तिथे होतं आणि पाण्याचा प्रश्न मी आठ दिवस उशिरा विचारला, हे नोंदवणं भाग आहे. बल्बोसाची मात्र पूर्ण जबाबदारी माझी. आणि स्पॅनिश मॉस या हवामानात मी आता कुणालाच घ्यायला सांगत नाही. अमेरिकेच्या दमट दक्षिणेत ते ओकच्या फांद्यांवरून वावभर लोंबतं, पूर्वी तिथे गाद्यांतसुद्धा भरत. इतक्या बारीक धाग्यात पाणी साठवायला जागाच नसते. आपल्याकडचा मे त्याला झेपत नाही.

यंदा एप्रिलमध्ये गेलो तेव्हा कोनाड्याखाली पावसाच्या पाण्याच्या सात बाटल्या ओळीने ठेवलेल्या होत्या, प्रत्येकीवर महिन्याचं नाव. अंजनगावला दिलेली मोठी नात आली होती आणि आजींनी एक पिल्लू तोडून तिच्या रुमालात बांधलं. ते अजून थोडं लहान होतं, पण मी काही बोललो नाही. आजी तिला सांगत होत्या, "बोअरचं पानी नोको देजो, पोरी. अन् तार तं बिलकुल नोको."